तुमचे प्रश्न : इंटरप्ट कोणाचा आणि लाइन कोण धरून बसलंय?

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहिलं होतं की दोन डिव्हाइस एकाच आयआरक्यू नंबरवर (डिव्हाइस सीपीयूचं लक्ष वेधायला जी हाक देतं तो इंटरप्ट, आणि ती हाक ज्या लाइनवरून येते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू) दिसले म्हणून लगेच कॉन्फ्लिक्ट आहे असं समजू नका, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं बरीच लांब होती, मुद्द्यापुरती ठेवलीयेत. नावं छापत नाही, गाव आणि काम तेवढं राहू दिलंय.

प्रश्न : घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. माझ्याकडे जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड आहे, ते साध्या पीसीआय स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर कार्ड खोचायची जुनी जागा) लावलंय, मदरबोर्ड मात्र बराच नंतरचा आहे. टीव्ही लावला की अर्ध्या-पाऊण तासात माउस अडखळायला लागतो, बंद पडत नाही पण उड्या मारत जातो. लॉगमध्ये 'आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड' आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू १६' असं येतं. कोणीतरी सांगितलं म्हणून बूट करताना आयआरक्यूपोल ऑप्शन टाकला तर माउस सुधारला पण बाकी मशीन जड झालं. आत्तापर्यंत तीन माउस बदलले. नक्की भांडण कोणाचं आहे?
(नाशिक, बँकेतून निवृत्त)

उत्तर : माउस बदलणं आधी थांबवा, त्याचा यात काही दोष नाही, तो फक्त त्या लाइनवरचा शेजारी आहे. पीसीआयमध्ये एकच इंटरप्ट लाइन चार-पाच डिव्हाइसनी मिळून वापरायची ही सोय मुद्दाम केलेली आहे. जुन्या वाड्यात दिंडीला एकच घंटा असायची ना, ती वाजली की प्रत्येक बिऱ्हाडातून कोणीतरी डोकावायचं, आपल्याकडे कोणी आलंय का बघायचं, नसेल तर परत आत. ड्रायव्हरचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की चालणारा त्याचा कोडचा तुकडा, अगदी हेच करतो, घंटा वाजली की आपल्या डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर वाचतो आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतो 'माझा होता' किंवा 'माझा नाही'. आणि ही लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असते, म्हणजे ज्या डिव्हाइसने ती खाली ओढलीय त्याचं काम होईपर्यंत ती खालीच राहते.

आता समजा लाइन खाली ओढलेली आहे पण विचारलं तर सगळेच म्हणतायत माझा नाही. मग सीपीयू हँडलरमधून बाहेर पडला की परत तोच इंटरप्ट, परत सगळ्यांना विचारायचं, परत कोणी नाही, आणि हे सेकंदाला हजारो वेळा. कर्नल हे मोजत असतो. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की तो ती लाइनच बंद करून टाकतो, नाहीतर सीपीयूला दुसरं काही करताच येणार नाही. तुमचा माउस ज्या यूएसबी कंट्रोलरवर आहे तोही नेमका १६ वरच आहे, त्यामुळे त्याचीही घंटा गेली. लाइन बंद केल्यानंतर कर्नल दर १०० मिलिसेकंदांनी त्या लाइनवरच्या हँडलरना स्वतःहून विचारत राहतो, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, आणि तुम्हाला माउसच्या ज्या उड्या दिसतात त्या याच.

मग लाइन धरून कोण बसलंय? लॉगमध्ये त्या मेसेजखाली हँडलर्सची यादी असते. लोक ती यादी बघतात आणि त्यात यूएसबीचं नाव दिसलं की यूएसबीला धरतात. ती यादी फक्त कोणाकोणाला विचारलं त्यांची आहे. गुन्हेगार त्यात असेल किंवा नसेलही, कधीकधी असं निघतं की ज्या कार्डला ड्रायव्हरच लोड झालेला नाही तेच लाइन ओढून बसलंय, आणि त्याच्या वतीने बोलायला यादीत कोणीच नाही.

माउस अडखळायला लागला की मशीन रिस्टार्ट न करता, त्याच अवस्थेत, टर्मिनलमध्ये सुडो लावून एलएसपीसीआय -व्हीव्ही चालवा. प्रत्येक डिव्हाइसखाली 'स्टेटस' नावाची ओळ येते, तिच्या शेवटाला 'आयएनटीएक्स' असं असतं आणि पुढे अधिक किंवा उणे. अधिक म्हणजे ते डिव्हाइस या क्षणी इंटरप्ट मागतंय. ज्याच्यावर आयआरक्यू १६ आहे आणि पुढे अधिक आहे, तो तुमचा माणूस. ही खूण पीसीआयच्या २.३ आवृत्तीपासून आली, २००२ सालापासून, त्यामुळे कार्ड त्याआधीचं असेल तर ते कायम उणेच दाखवेल, हे लक्षात ठेवा.

तुमच्या वर्णनावरून मला संशय वेगळाच येतोय आणि तो बराच पक्का आहे. नंतरच्या मदरबोर्डवर चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपमध्ये, साधं पीसीआय नसतं, पीसीआय-एक्सप्रेसमधून साधा स्लॉट काढून देणारी एक छोटी ब्रिज चिप असते. आणि पीसीआय-एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची तार अशी नसतेच, ब्रिज दोन मेसेज पाठवतो, एक 'ओढली' आणि एक 'सोडली'. काही ब्रिज चिपमध्ये दोष आहे, लोड वाढला की दुसरा मेसेज, तो सोडल्याचा, वर पोचतच नाही. कार्डने लाइन सोडलेली असते, ड्रायव्हर खरं बोलतोय, यूएसबी खरं बोलतोय, पण वर अजून ओढलेलीच दिसते. टीव्ही चालू असतानाच, आणि थोड्या वेळाने, हे होणं यात तंतोतंत बसतं. ड्रायव्हर कितीही चांगला लिहिला तरी यावर खात्रीचा इलाज नाही.

करायचं काय तर आज रात्रीपुरतं माउस यूएसबी ३ च्या पोर्टला लावा, बहुतेक ठिकाणी ते आतून निळं असतं. /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल उघडून बघितलीत तर जुन्या यूएसबी कंट्रोलरपुढे 'आयओ-एपीआयसी' (म्हणजे वाट्याची लाइन) दिसेल आणि एक्सएचसीआयपुढे, म्हणजे यूएसबी ३ च्या कंट्रोलरपुढे, 'पीसीआय-एमएसआय'. एमएसआय म्हणजे ज्याची त्याची वेगळी घंटा, १६ बंद झाली तरी तिला धक्का लागत नाही. कायमचा उपाय म्हणजे ते कार्ड काढा आणि यूएसबीचा ट्यूनर घ्या, किंवा कार्ड खरंच जीवाभावाचं असेल तर चिपसेटमधूनच पीसीआय स्लॉट येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये लावा. स्लॉट बदलून बघायला हरकत नाही पण त्याने लाइन बदलेल, त्रास माउसऐवजी नेटवर्क कार्डला होईल एवढंच.

आयआरक्यूपोल काढून टाका. तो ऑप्शन टायमरच्या प्रत्येक इंटरप्टला सगळ्या हँडलरना उठवून विचारतो, मशीन जड होणारच. तो रोग ओळखायला चांगला आहे, त्यावर दिवस काढू नका. आणि पुढे कोणी एपीआयसी बंद करा, एसीपीआय बंद करा असं सांगितलं तर तेही करू नका, त्याने सगळी डिव्हाइस जुन्या पंधरा लाइनींमध्ये कोंबली जातात आणि गर्दी उलट वाढते.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंग बेंचला डॉसवर चालणारा जुना पीसी आहे. कॉम १ वर, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवर, डिजिटल गेज आहे. आता वजनकाट्याची रीडिंग पण घ्यायची म्हणून दोन पोर्टचं जुनं आयएसए (पीसीआयच्या आधीच्या स्लॉटचं) सिरियल कार्ड टाकलं, काटा कॉम ३ वर आहे. एकेकटं चालवलं तर दोन्ही ठीक. दोन्ही एकदम चालवलं की एक गप्प होतं, कधी पीसी हँग. ॲड्रेस वेगळे आहेत, तपासले. नवीन मशीन घ्या म्हणू नका, त्या बेंचचा सॉफ्टवेअरवाला आता नाही.
(कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : नवीन घ्या म्हणणार नाही. बेंच चांगला चालतोय तर तो चालला पाहिजे, आणि हा प्रश्न सुटणारा आहे. वरच्या पत्रात मी म्हटलं की शेअरिंग म्हणजे कॉन्फ्लिक्ट नाही, पण तुमच्याकडे मात्र हा खराखुरा कॉन्फ्लिक्टच आहे, कारण आयएसएचा जमाना वेगळा होता.

ॲड्रेस तपासलेत ते बरोबर केलंत, कॉम १ चा ३एफ८ आणि कॉम ३ चा ३ई८, वेगळेच असतात. पण आयआरक्यू दोघांचाही रिवाजाप्रमाणे ४ असतो, आणि कॉम २ नि कॉम ४ चा ३. पहिल्या १९८१ च्या पीसीत इंटरप्ट सांभाळणारी ८२५९ चिप एकच होती, आठ लाइनी. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी जोडली, पण ती पहिलीच्या २ नंबरमध्ये खोचली म्हणून सोळाच्या पंधराच उरल्या. त्यात टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांचे नंबर ठरलेले. सिरियल पोर्ट चार झाले तेव्हा लाइनी कमी पडल्या आणि दोघांना एक देऊन टाकली, दोन्ही एकदम कोण वापरतंय असं धरून.

आयएसएला हे चालत नाही याची दोन कारणं. एक तर ती लाइन एज-ट्रिगर्ड आहे, लाइन खालून वर जाते तो क्षण मोजला जातो. गेजने लाइन वर नेली आणि ती वर असतानाच काट्याने पण वर न्यायचा प्रयत्न केला तर नवीन चढण होतच नाही, काट्याचा इंटरप्ट गेला तो गेलाच, आणि काट्याची चिप बसते वाट बघत की कोणी माझा बाइट उचलेल. दुसरं म्हणजे बरीचशी कार्डं ती लाइन दोन्ही बाजूंना जोर लावून धरतात, एक वर ढकलतं दुसरं खाली, अशाने नुसता गोंधळ नाही तर चिप गरम पण होते. आणि डॉसमध्ये मधे पडणारं कोणी नाही, ज्या प्रोग्रामने व्हेक्टर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं तो पत्ता, शेवटी बदलला त्याचं राज्य.

कार्ड बाहेर काढा, पॉवर केबल काढूनच. पोर्टांजवळ पितळी पिनांच्या दोन रांगा असतील, त्यांच्यावर छोट्या काळ्या टोप्या, म्हणजे जम्पर, आणि बोर्डावर बाजूला बारीक अक्षरात आयआरक्यू ३, ४, ५, ७ असं छापलेलं असतं. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. मग कॉम ३ ची टोपी ४ वरून ५ वर न्या. साउंड कार्ड किंवा दुसरा प्रिंटर पोर्ट नसेल तर ५ मोकळा असतो. तो भरलेला असेल तर ७, डॉसमधून प्रिंटिंग साधारण इंटरप्टशिवायच होतं त्यामुळे डॉट मॅट्रिक्सचं काही अडणार नाही. कार्ड आखूड, एकाच कनेक्टरचं आठ बिटी असेल तर १० किंवा ११ शोधू नका, त्या लाइनी त्या कनेक्टरपर्यंत येतच नाहीत.

मग दोन गोष्टी राहतात आणि माणसं नेमकं इथेच विसरतात. मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटही असतील तर बायोसमध्ये पीएनपी-पीसीआयच्या पानावर आयआरक्यू ५ पुढे 'लेगसी आयएसए' करून ठेवा, नाहीतर बायोस तो नंबर एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकेल. आणि काट्याच्या प्रोग्रामला सांगा की आता ५, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ३ई८ च्या आसपासच ४ लिहिलेलं सापडेल. जम्पर बदलला आणि फाइल नाही बदलली तर तो जुन्याच दारात उभा राहणार.

तेवढ्यातच सीआर २०३२ ची बॅटरी पण नवीन टाका. ती मेली की बायोसमधलं राखीव पुसलं जातं आणि सहा महिन्यांनी एखाद्या सोमवारी हाच त्रास परत सुरू होतो, आणि तोपर्यंत काय केलं होतं ते कोणाला आठवत नसतं. हार्ड डिस्कची इमेजही काढून ठेवा, सॉफ्टवेअरवाला नाही म्हणताय तर ती डिस्क हाच तुमचा सॉफ्टवेअरवाला आहे.

प्रश्न : आम्ही एफपीजीए (आपल्याला हवं ते सर्किट भरता येणारी चिप) असलेल्या डेटा कॅप्चर कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. काम होतं, डेटा बरोबर येतो, पण इंटरप्टचा आकडा बरोबर दुप्पट दिसतो आणि अर्ध्या वेळा आमचा हँडलर स्टेटस शून्य बघून 'माझा नाही' म्हणतो. लाइनवर दुसरं कोणी नाही. सिनिअर म्हणतात सरळ कायम 'हँडल्ड' रिटर्न करा, प्रश्न मिटला.
(पुणे, हिंजवडी)

उत्तर : ते तेवढं करू नका, कृपा करून. आज लाइनवर कोणी नाही पण उद्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये असेल, आणि तुमचा हँडलर प्रत्येक वेळी 'माझा होता' म्हणत राहिला तर शेजारचं कार्ड अडकलं तरी कर्नलच्या मोजणीत ते कधी येणारच नाही. मशीन नुसतं गोठेल, लॉगमध्ये एक ओळ नाही.

बरोब्बर दुप्पट हा आकडाच सांगतोय काय झालंय. हँडलरच्या शेवटी तुम्ही ॲक्नॉलेज रजिस्टरला लिहिता आणि बाहेर पडता. पण डिव्हाइसला केलेलं ते राइट पोस्टेड असतं, सीपीयू लिहून मोकळा होतो आणि ते वाटेत कुठेतरी ब्रिजच्या बफरमध्ये असतं. कार्डला अजून कळलेलंच नाही, लाइन अजून ओढलेली, म्हणून परत इंटरप्ट. आता हँडलर स्टेटस वाचायला जातो, आणि रीडच्या आधी मागचं राइट पोचलंच पाहिजे असा नियम असल्याने ते राइट पोचतं, लाइन सुटते, स्टेटस शून्य येतो. म्हणून प्रत्येक खऱ्या इंटरप्टमागे एक खोटा. ॲक्नॉलेज लिहिल्यावर लगेच त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचून टाका, एका ओळीचं काम आहे.

मी हे शिकलो तेव्हा आठ दिवस घालवले होते. साध्या पीसीआयचं कार्ड होतं, आणि मी कोडमध्येच शोधत होतो, लॉक बदल, क्रम बदल. शेवटी हार्डवेअरच्या एका सहकाऱ्याने एक्स्टेंडर कार्ड लावून स्लॉटच्या ए६ पिनवर, म्हणजे आयएनटीए वर, ऑसिलोस्कोपचा प्रोब धरला आणि दुसऱ्या चॅनेलवर आमच्या हँडलरने शेवटी हलवलेली एक पिन. हँडलर संपल्याची खूण आधी आली आणि लाइन वर उठली ती त्यानंतर, स्क्रीनवर दोन रेघांमध्ये बोटभर अंतर. ते अंतर बघितल्यावर कोणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. तेव्हापासून मी ज्युनिअर मुलांना सांगतो की लॉग कितीही वाचा पण लाइन एकदा डोळ्यांनी बघा.

तुमचं कार्ड एक्सप्रेसचं असेल तर जुनी लाइन सोडून एमएसआयवर जा. एमएसआयमध्ये ३२ पर्यंत व्हेक्टर, म्हणजे वेगवेगळे इंटरप्ट, मिळतात, एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत, शेअरिंगचा विषयच संपतो. पण दोन ठिकाणी पाय घसरतो. एमएसआय म्हणजे कार्डाने स्वतः मेमरीत केलेलं राइट आहे, त्यामुळे कार्डाला तशी मुभा देणारं पीसीआय-सेट-मास्टर हे फंक्शन कॉल केलं नसेल तर इंटरप्ट येणारच नाही आणि एररही येणार नाही, कोऱ्या आकड्याकडे बघत बसाल. आणि इथे लाइन धरून ठेवलेली नसते, मेसेज एकदाच येतो, म्हणून हँडलरने बाहेर पडण्याआधी रांगेत काही उरलं का ते परत बघायचं. जुन्या लाइनवर जे आपोआप निभावून जायचं ते इथे अडकतं.

सध्या /प्रॉक/आयआरक्यू/ मध्ये तुमच्या नंबरच्या फोल्डरमधली 'स्प्युरिअस' ही फाइल बघा, तिच्यात 'अनहँडल्ड' चा आकडा असतो. रीड टाकण्याआधी आणि नंतर, सिनिअरना तोच दाखवा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कीबोर्डच्या इंटरप्टवर म्हणजे आयआरक्यू १ वर स्वतःचा हँडलर लावणारं मॉड्यूल (कर्नलला चालू असताना जोडता-काढता येणारा कोड) लिहितेय, किती वेळा की दाबली ते मोजायचं. आधी उणे १६ एरर आला, मग शेअर्ड फ्लॅग टाकला तर उणे २२. शेवटचं आर्ग्युमेंट नल होतं ते बदललं आणि लोड झालं. पण मॉड्यूल काढलं आणि एक की दाबली की पूर्ण लॅपटॉप फ्रीज. सर म्हणतात हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट आहे.
(सांगली, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष)

उत्तर : हार्डवेअर ठीक आहे तुझं. आणि दोन एररमधून तू स्वतःच बाहेर आलीस हे फार आवडलं, फक्त ते का आले हे पण कळायला हवं. उणे १६ म्हणजे बिझी, कीबोर्डच्या मूळ ड्रायव्हरने १ नंबर शेअर्ड म्हणून घेतलाय आणि तू एकटीला मागत होतीस. उणे २२ म्हणजे चुकीचं आर्ग्युमेंट, शेअर्ड लाइनवर कर्नलला तुला ओळखायला एक खूण लागते, ती नल चालत नाही. ती खूण कशाला लागते ते पुढच्या फ्रीजमध्ये दिसतं, कारण मॉड्यूल काढताना फ्री-आयआरक्यूला, म्हणजे हँडलर काढणाऱ्या फंक्शनला, हीच खूण द्यावी लागते, त्यावरून कर्नल ठरवतो की यादीतला कोणता हँडलर काढायचा. तू एकतर फ्री-आयआरक्यू लिहिलेलंच नाहीस किंवा तिथे दुसराच पॉइंटर दिलायस, दुसरा दिला असेल तर लॉगमध्ये 'आधीच फ्री झालेला आयआरक्यू फ्री करताय' अशी वॉर्निंग असेल, बघ. मॉड्यूल गेलं, त्याची मेमरी गेली, पण यादीत पत्ता तसाच राहिला. की दाबलीस, कर्नल त्या पत्त्यावर गेला, तिथे काहीच नाही.

काढायचा क्रम लक्षात ठेव, हा आयुष्यभर उपयोगी पडेल : आधी डिव्हाइसला सांगायचं की इंटरप्ट पाठवू नको, मग फ्री-आयआरक्यू, मग रजिस्टरांचं मॅपिंग, शेवटी मेमरी. लावताना बरोब्बर उलटं, हँडलरला लागणारं सगळं तयार झाल्याशिवाय रिक्वेस्ट-आयआरक्यू, म्हणजे हँडलर लावणारा कॉल, करायचाच नाही, कारण शेअर्ड लाइनवर दुसऱ्याचा इंटरप्ट त्याच क्षणी येऊन तुझा हँडलर चालू शकतो. कर्नल बांधताना कॉन्फिग-डिबग-एसएचआयआरक्यू हा ऑप्शन चालू ठेवलास तर कर्नल मुद्दाम हँडलर काढताना एकदा तो बोलावून बघतो. चुका घरीच सापडतात.

तुझा हँडलर फक्त मोजतोय, कीबोर्डचं काम मूळ ड्रायव्हरच करतो, म्हणून तू 'माझा नाही' हेच रिटर्न कर. लिनक्स लाइनवरच्या सगळ्यांना विचारतो, पहिल्याने हो म्हटलं तरी थांबत नाही, तुझ्या हँडलरची पाळी चुकणार नाही. हँडलरमध्ये झोपायचं नाही, एमस्लीप वगैरे काही नको. हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये कर, आणि बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून मोजणी वाढत नाही म्हणून घाबरू नकोस, तो आयआरक्यू १ वर येत नाही.

प्रश्न : विंडोजवर भजनांचं रेकॉर्डिंग करतो, मधेमधे टकटक आवाज येतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स-शेअरिंग' पानावर मोठी यादी आहे. एवढे कॉन्फ्लिक्ट कसे काढू?
(रत्नागिरी)

उत्तर : काढू नका, त्यात बहुतेक सगळं शेअरिंगच असतं, पानाचं नाव दोन्हींचं मिळून आहे म्हणून घाबरायला होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून रिसोर्सेस बाय टाइप करा, इंटरप्टच्या यादीत ज्यांचे नंबर उणे आहेत ते एमएसआयवर आहेत, त्यांचा कोणाशी वाटा नाही. टकटक साधारण यायचं कारण म्हणजे एखादा ड्रायव्हर इंटरप्टनंतरचं उरलेलं काम, डीपीसी म्हणतात ते, फार वेळ करत बसतो आणि ऑडिओला वेळेवर सीपीयू मिळत नाही. वाय-फाय बंद करून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. नाहीच गेलं तर लेटन्सीमॉन चालवा, तो कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतोय ते नावानिशी सांगतो, त्याच ड्रायव्हरची आवृत्ती बदलून बघा. खरंच काही अडलं असतं तर पिवळं चिन्ह आणि कोड १२ दिसला असता, आणि हल्ली तो आला तरी इंटरप्टपेक्षा मेमरीची जागा अपुरी पडल्याने येतो.

प्रश्न : एआरएम बोर्डवर शेतीसाठी हवामान यंत्र बनवतोय. चिपच्या मॅन्युअलमध्ये एका ब्लॉकचा इंटरप्ट आयडी ६१ दिलाय, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ६१ टाकला, ड्रायव्हर लोड होतो पण आकडा शून्यच. आणि पर्जन्यमापक जीपीआयओ (कशालाही वापरता येणाऱ्या) पिनवर आहे, तिथे उलट, पाऊस नसताना हजारो इंटरप्ट.
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पहिलं लगेच सुटेल. जीआयसीमध्ये, म्हणजे एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये, सुरुवातीचे ३२ आयडी प्रोसेसरच्या स्वतःच्या वापराचे असतात, बाहेरच्या ब्लॉकचे ३२ पासून पुढे. डिव्हाइस ट्रीमध्ये एसपीआय (इथे शेअर्ड पेरिफेरल इंटरप्ट, त्याच नावाची बस नव्हे) लिहून नंबर द्यायचा तो ३२ वजा करून, म्हणजे तुमचा २९. ६१ लिहिलात म्हणजे तुम्ही ९३ वर कान लावून बसलात, आणि तिथे खरंच दुसरा ब्लॉक असेल तर त्याच्या ड्रायव्हरलाही उणे १६ येऊन तुम्ही विनाकारण कॉन्फ्लिक्ट शोधत बसाल. बरोबर झाल्यावर /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये जीआयसी पुढे ६१ दिसेल, तो मॅन्युअलचा नंबर. आणि ट्रिगर लेव्हल-हाय किंवा रायझिंग एवढेच चालतात, लो लिहिलं तर जीआयसी घेत नाही.

पर्जन्यमापकाचं वेगळं. त्यात छोटी बादली भरून उलटते आणि चुंबक रीड स्विचवरून जातं, स्विच क्षणभर जोडला जातो, बाकी वेळ पिन मोकळी. मोकळ्या पिनला लांब केबल म्हणजे अँटेनाच, केबलजवळ हात नेला तरी आकडा पळेल, करून बघा. चिपमधला पुल-अप, म्हणजे मोकळी पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर, फार कमजोर पडतो, बाहेरून ४.७ किंवा १० किलो-ओहमचा लावा, पिनजवळ. ट्रिगर लेव्हल ठेवला असेल तर तो फॉलिंग एज करा, कारण बादली मधेच अडकून स्विच जोडलेला राहिला तर लेव्हलवर इंटरप्टचा पूर येईल. स्विचचे पत्रे जोडताना थरथरतात, म्हणून पहिल्या इंटरप्टनंतर थोडा वेळ, साधारण ५० मिलिसेकंद, पुढचे मोजू नका, खरी बादली इतक्या लवकर परत भरत नाही. मग चमच्याने हळूहळू पाणी ओतून बादली एकदा उलटवा आणि आकडा बघा, तो एकनेच वाढायला हवा. दहा वेळा करा, दहा यायला हवेत. अकरा आले तर वेळ थोडा वाढवा आणि मला कळवा.